चार वाजून दहा मिनिटांचं पान

गुलबर्ग्याकडच्या आळंद तालुक्यात कुणालाही, कधीही, कशासाठीही थांबायला न लावता आयुष्य काढलेला माणूस एकच आहे, आणि तो म्हणजे माझ्या बाबांचे छापखानेवाले मित्र. मी त्यांना काका म्हणते. त्यांच्या दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला की चहा तयार असतो, आणि नुसता तयार नाही, तोंडाला लावता येईल इतका निवलेला असतो. म्हणजे तुम्ही घरून निघायच्या आधीच तो गाळलेला असला पाहिजे. एकदा त्यांना चकवायचंच म्हणून मी तुरीच्या बाजाराकडे निघाले, अर्ध्यातून एकाएकी वळले आणि मागच्या बोळानं दुकानात शिरले. पायरीवर बशीनं झाकलेला कप होता. "काका, मी येणार हे तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं. "कळलं न्हाई. ठेवलेला असतोय. जो येतोय त्याचा." मी म्हटलं, "आणि कुणीच आलं नाही तर?" काका माझ्या खांद्यावरून मागं रस्त्याकडं बघत म्हणाले, "येतंय की कुणीतरी." ते इतक्या ओळखीच्या नजरेनं बघत होते की मी वळून पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. तुरीची पोती होती आणि ऊन होतं.

दुकानाला दाराची फळी नाही. ती त्यांनी फार वर्षांपूर्वी काढून टाकली, कारण दार म्हटलं की वाजवावं लागतं आणि वाजवलं की उघडेपर्यंत उभं राहावं लागतं. बँकेत गेले की स्वतःचं काम झाल्यावर पंधरावीस स्लिपा अर्ध्या भरून टेबलावर ठेवून येतात, पुढच्या माणसाला तेवढंच कमी. आमच्या घरी आले आणि आईनं "भावजी, ते जरा..." म्हणून तोंड उघडलं की म्हणतात, "झालंय." आणि ते खरोखरच झालेलं असतं. आई म्हणते, मला काय पाहिजे हे मला यांच्याकडून कळतं. "थांब" हा शब्द त्यांच्या तोंडून आळंदमध्ये कुणी ऐकलेला नाही. एकदा एक रिक्षावाला मागं मागं घेत थेट गटारीकडं निघाला होता. काका समोरच उभे. दुसऱ्या कुणी एका शब्दात काम संपवलं असतं. काका हात हलवत म्हणाले, "आरं, मागं येऊ नको, पुढंबी जाऊ नको, म्हणजे सध्या जिथं हाईस तिथंच हाईस असं समज..." वाक्य संपेपर्यंत रिक्षाची दोन चाकं गटारीत होती. रिक्षावाला बाहेर येऊन ओरडला, "थांब म्हणायला तुमचं काय जायलं होतं?" काकांनी त्याला चहा दिला. तो आधीच ओतलेला होता.

मला हे वेड आवडायचं, आणि त्यामागं माझं कारण होतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. बाबांची चळवळीची पत्रकं काकांच्या ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर, छापली जायची आणि वाया गेलेल्या पाठकोऱ्या कागदांवर मी अक्षरं गिरवली. 'थांबा' हा या देशातला सगळ्यात जुना जुलूम आहे, असं मी आजही छातीठोकपणे म्हणते. कचेरीच्या खिडकीशी थांबा, विहिरीपाशी थांबा, उंबऱ्याच्या अलीकडं थांबा. माझ्या आजोबांचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या अंगणात उभं राहण्यात गेलं. काका बसवण्णांना मानणाऱ्या घरातले, आम्ही बौद्ध. बाबा पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेले तेव्हा सवयीनं पायरीशी उभे राहिले. काकांनी हाताला धरून आत नेलं आणि स्वतःच्या कपातला चहा पुढं केला. बाबा हे सांगताना दरवेळी आवाज चढवायचे, जणू कुणी ते नाकारत होतं.

छापखाना बंद पडला तेव्हा काका पन्नाशीला आले होते. त्या वयात माणसं देवळाच्या कट्ट्याचा रस्ता धरतात. काकांनी एक कॉम्प्युटर आणला, दोन वर्षं पुस्तकं आणि व्हिडिओ चघळले, आणि गावाची वेबसाइट सुरू केली. तुरीचे आणि ज्वारीचे भाव, उमरगा-अक्कलकोटच्या गाड्यांच्या वेळा, लग्नं, मयती, सगळं मराठीत आणि कन्नडमध्ये. सर्व्हर तिथंच, जिथं पूर्वी खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, पेट्या होत्या. आणि तिथंही त्यांना त्यांचा शत्रू भेटला. त्यांच्या लक्षात आलं की अशा पानांची रीत अशी आहे: कुणीतरी पहिल्यांदा पान मागतं, मग सर्व्हर जागा होतो, मग पान रांधायला घेतो, आणि तोवर तो पहिला माणूस ताटकळत बसतो. दुसऱ्याला, तिसऱ्याला आयतं मिळतं. शिक्षा फक्त पहिल्याला. "हे अन्यायाचं हाय," काका मला म्हणाले, "जो आधी येतोय त्यानंच कामून उभं राहायचं?" 

त्यावरचा उपाय त्यांनी शोधला, म्हणजे पानं आधीच कंपाइल करून, पक्की करून मग सर्व्हरवर चढवायची. मला त्यांनी तो भाकरीवरून समजावला. "मऊ भाकरी पाव्हणा आल्यावर थापावी लागती. कडक भाकरी कशी, एकदा भाजून चवड लावून ठिवली की पंधरा दिवस बघायला नको. पाव्हणा आला की ताटात. फकस्त एक हाय, तिची घडी घालता येत न्हाई. बदल करायचा म्हणलं की मोडती. पुन्हा सगळी चवड नव्यानं भाजायची." आणि ते भाजायचे. एका बसची वेळ बदलली तर अख्खी वेबसाइट नव्यानं कंपाइल करून चढवायचे. मग स्वतः एकेक पान उघडून बघायचे, म्हणजे पहिला माणूस आपणच, पुढं कुणी पहिला उरत नाही. आळंदची वेबसाइट बोट टेकताच उघडायची. पुण्यात नोकरी करणारी इथली पोरं म्हणायची, आमच्या कंपनीची इतकी पळत नाही.

पण आधीच करून ठेवायचं म्हटलं की माणूस कुठवर जातो याला हद्द नसते. काकांनी मयतीची पानंही आधीच करून ठेवली होती. जिवंत माणसांची. पानांना नावं नव्हती, खिळ्यांच्या खणांना असतात तसे नुसते आकडे होते. बाबांचं पान त्यांनी बाबांनाच दाखवलं. मी तिथं होते. बाबा चष्मा लावून स्वतःच्या मृत्यूची बातमी वाचत होते, पंखा फिरत होता आणि मला तो पडदा झाकून टाकावासा वाटत होता. बाबा मात्र मुद्रितं तपासल्यासारखे तपासत होते. "शांत स्वभावाचे हे कुणी लिहिलं?" ते म्हणाले, "खोडा ते. भांडखोर लिहा." काकांनी 'भांडखोर' केलं आणि सगळी वेबसाइट पुन्हा भाजली. तीन वर्षांनी बाबा गेले. मी स्मशानातून परत येताना फोनवर पान उघडलं. क्षणही लागला नाही. जणू कुणी दाराआड बातमी हातात धरून उभंच होतं.

आता सदतीस नंबरच्या पानाबद्दल सांगते. काकांना एक थोरली बहीण होती. सगळे तिला अक्का म्हणायचे. आई लवकर गेली, म्हणून काकांना तिनंच वाढवलं. तिला भालकी तालुक्यात मेहकरला दिलं होतं. एका दुपारी ती न कळवता छापखान्यात आली. काका तेव्हा बाबांचं पत्रक जुळवत होते. एका गावातल्या हॉटेलात आमच्या लोकांसाठी वेगळे कप ठेवले होते, त्याविरुद्धचं ते पत्रक दुसऱ्या दिवशी सकाळी वाटायचं होतं. काका जुळवलेले खिळे लोखंडी चौकटीत घट्ट कसत होते. दारात अक्काची सावली पडली. त्यांनी दाराकडं बघितलं नाही, फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाले, "अक्का, दोन मिनिटं थांब." चार वाजून दहा मिनिटं झाली होती. चौकट कसून त्यांनी मान वर केली तेव्हा दारात नुसतं ऊन होतं. स्टँडवर एक जण म्हणाला उमरग्याच्या गाडीत बसली, दुसरा म्हणाला अक्कलकोटच्या, तिसरा म्हणाला अशी बाई आलीच नाही. मेहकरला ती परत गेली नाही. ती कुठंच गेली नाही, म्हणजे कुठं गेली हे आजवर कुणाला कळलेलं नाही. ते पत्रक छापलं गेलं नाही. कसलेली चौकट अजून दुकानात आहे. त्यातली उलटी अक्षरं मी लहानपणी आरसा धरून वाचली आहेत. बाबांनी त्या पत्रकाबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही. घड्याळ मात्र चालू आहे. मी तपासलंय, कारण अशा गोष्टींत ते नेमकं बंद पडलेलं असतं.

सदतीस नंबरचं पान अक्कासाठी होतं. वेबसाइटवर कुठूनही तिथं जायला वाट नव्हती, त्याचा पत्ता कुणाला दिलेला नव्हता. पानावर तीन ओळी होत्या: "अक्का, ये. बस. काम झालंय." आणि हे पान रोज कुणीतरी उघडत होतं. कुठलं पान कधी उघडलं गेलं याची हजेरी सर्व्हर ठेवतो. काकांनी मला ती दाखवली. सदतीस, चार वाजून दहा मिनिटं, एकदा. आदल्या दिवशीही तसंच. त्याच्याही आदल्या दिवशी. मी हसले. "काका, इंटरनेटवर पानं हुंगत फिरणारी यंत्रं असतात. हे तसलं यंत्र आहे." 

"व्हय? मग यंत्राला चार-दहाच कामून लागतंय?" 

"तुम्हीच कधीतरी टाइमर लावला असणार आणि विसरला असणार." 

"मग शोध की. मी कुठं न्हाई म्हणायलो?" 

मी दोन दिवस शोधलं. टाइमर सापडला नाही. सापडला नाही म्हणजे नव्हताच असं होत नाही, हे मी तेव्हाही म्हणाले आणि आताही म्हणते. पण तिसऱ्या दिवशी चार वाजून नऊ मिनिटांनी मी त्या खोलीत होते. काकांनी पायरीवर कप ठेवला आणि बाजूला सरकून बसले, दारातून कुणाला तरी आत यायला जागा द्यावी तसे. पडद्यावर नवी ओळ उमटली. सदतीस. बाहेर चहावरची बशी किंचित वाजली. वारा असेल. त्या दिवशी तुरीच्या पोत्यावरची काडीसुद्धा हलत नव्हती, पण वाराच असेल.

गेल्या उन्हाळ्यात काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन गुलबर्ग्याला ठरलं. चार दिवस सर्व्हर माझ्यावर सोपवला. "नवं चढव, जुनं पुसू नको. चारला पायरीवर चहा ठेव," एवढंच सांगितलं. मला माझं नवं पत्रक चढवायचं होतं. खजुरी गावाच्या रस्त्यावर मैलाच्या एका दगडाला कुणीतरी शेंदूर फासला होता आणि महिन्याभरात तिथं नारळ फुटायला लागले होते. 'आत काही नसलेल्या दगडापुढं वाकू नका' असा माझा मथळा होता. पत्रक चढवून झाल्यावर मी सहज जुन्या पानांच्या फाइली उघडून बघितल्या आणि हबकले. सगळ्या रिकाम्या. प्रत्येक फाइलमध्ये इंग्रजीत एकच ओळ: ही नुसती खुणेची फाइल आहे, पुसू नये. लग्नं नाहीत, मयती नाहीत, भाव नाहीत. पक्की केलेली पानं सगळी दुसरीकडं एका गठ्ठ्यात बांधून ठेवलेली असतात आणि इथं फक्त खुणा राहतात, हे मला नंतर समजलं. तेव्हा मला दिसला तो खजुरीचा दगड. आत काही नाही, पण हलवू नका! माझं डोकं तापलं. मी ठरवलं, एक दगड उपटून बघायचाच. मग अगदी तत्त्वानं विचार केला, की कुठल्याही जिवंत माणसाची अडचण होणार नाही असं पान कोणतं. तसं एकच होतं. मी सदतीस नंबरची फाइल पुसली. लगेच पान उघडून पाहिलं. उघडलं, तिन्ही ओळींसकट. मी मोठ्यानं म्हणाले, "बघा!" खोलीत मी एकटीच होते. माझ्या कॉम्प्युटरनं स्वतःजवळची जुनी प्रत मला दाखवली होती, हेही मला नंतर समजलं. चहा मी ठेवला नव्हता. तसल्या गोष्टींत मी पडत नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी हजेरीत ओळ उमटली. सदतीस. आणि पुढं: पान सापडलं नाही.

मी ती ओळ कितीदा वाचली कोण जाणे. दारात कुणी नव्हतं. ऊन होतं, पायरी होती, आणि पायरीवर कप नव्हता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानानं कुणाला तरी दारातून परत पाठवलं होतं, आणि पाठवणारी मी होते, उंबऱ्यांवर चिडून लिहिणारी. दुसऱ्या पानाच्या खुणेच्या फाइलची प्रत काढून मी तिला सदतीस नाव दिलं. पान परत आलं. त्या ओळीपासून नऊ मिनिटं लागली होती. मग चहासुद्धा केला. तो पायरीवर संध्याकाळपर्यंत तसाच राहिला.

काका डोळ्याला हिरवी पट्टी बांधून परतले. बसच्या पायरीवरूनच त्यांनी विचारलं, "आलती का गं?" 

"आली होती," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं. खोटं दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. महिनाभर पडद्याकडं बघायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यामुळं हजेरी मी वाचून दाखवायची. दुसऱ्या दिवशी चार-दहाला ओळ आली नाही. "चार-दहा, एक," मी वाचलं. तिसऱ्या दिवशी आली नाही. "चार-दहा, एक." काका मान हलवून "बरं" म्हणायचे आणि पायरीवरचा गार झालेला कप धुवायला न्यायचे. पंधरा दिवस झाले. दुकान बदललं होतं. ट्रेडलवर धूळ होतीच, आता ती दिसायला लागली. मी पायरीवर यायची तेव्हा चहा कधी कधी गरम असायचा, तोंड भाजायचं.

महिना संपून त्यांना चष्मा मिळणार, मग ते स्वतः हजेरी बघणार. म्हणून मी तो उद्योग सुरू केला. रोज चारला स्टँडच्या मागं जायचं, फोन काढायचा, चार वाजून दहा मिनिटांनी सदतीस नंबरचं पान उघडायचं. "अक्का, ये. बस. काम झालंय." हे तीन वाक्यांचं पान मी, देव नाही, भूत नाही, असं चौकात ओरडून सांगणारी, रोज दुसऱ्याच्या नावानं वाचत होते. मला लाज वाटायची. पान मात्र काकांनी केलं होतं तसंच होतं. बोट टेकलं की समोर. एकदाही थांबावं लागलं नाही.

चष्मा आला. काका स्वतः हजेरी बघू लागले आणि पूर्वीसारखंच "बरं" म्हणू लागले. मला वाटलं, निभावलं. मग परवा, सोयाबीनचे भाव चढवायचे म्हणून मी दुकानात गेले तेव्हा त्यांनी पडद्यासमोरची खुर्ची माझ्याकडं सरकवली. आदल्या दिवसाच्या तारखेला सदतीसपुढं ओळी दोन होत्या. दोन्हीही चार वाजून दहा मिनिटांच्या. एक माझ्या फोनची; उघडणाऱ्याचा आकडाही हजेरीत उमटतो, तो मला ओळखू आला. दुसऱ्या ओळीचा आकडा माझा नव्हता.

"यंत्र असेल," मी म्हणाले. 

"आसंल की," काका म्हणाले. 

"काका, मी... ती फाइल मी पुसली होती. तुम्ही गुलबर्ग्याला असताना." 

"ठाव हाय. हजेरीत दिसतंय, नऊ मिनिटं." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. "तुझ्या फोनचा आकडा बी ठाव हाय. पैल्या दिवसापासनं. रोज उन्हात स्टँडमागं जायलीस, म्हणून बोललो न्हाई. पण आता नको उघडू, पोरी." 

"का?" 

बाहेर चार वाजत आले होते. त्यांनी तीन कप भरले. एक माझ्यापुढं ठेवला, एक स्वतःला घेतला, आणि तिसरा पायरीवर नेऊन ठेवला, वर बशी झाकली.

"दोघी एकदम आल्या," ते म्हणाले, "तर एकीला थांबावं लागतंय."